हल्ली बोलली, पाल चुकचुकली

माझ्या मुलीचं लग्न एका बॅटरीपायी मोडता मोडता राहिलं. बॅटरी ट्रकची किंवा ट्रॅक्टरची असती तर चारचौघांत सांगायला तरी बरं वाटलं असतं. ही होती चौकोनी, काडेपेटीएवढी, आमच्या दुकानात जिला 'ठोकळा' म्हणतात तसली. आणि हे सांगणारा मी कोण, तर बाळगोंडा. बेळगावच्या अनगोळात माझं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. बेळगुंदीपासून लोक जळलेले पंप माझ्याकडं घेऊन येतात. विजेवर चालणाऱ्या वस्तूचा नुसता आवाज ऐकून मी तिचं दुखणं सांगतो, अशी माझी ख्याती आहे. (ती मीच पसरवलेली आहे, पण आहे.)

आमचा थोरला भरत जर्मनीत नोकरीला असतो. तिथं म्हणे प्रत्येक घराच्या छताला एक पांढरी गोल चकती लावावीच लागते. घरात धूर झाला की ती बोंब मारते आणि माणसं जागी होतात. गेल्या खेपेला आला तेव्हा तसली एक चकती तो आमच्यासाठी घेऊन आला. माझ्या आईनं, म्हणजे आमच्या आक्कानं, तो खोका कानाशी धरून हलवला आणि आत खायचं काही नाही असं जाहीर केलं. भरतनं स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, बैठकीच्या खोलीच्या कोपऱ्यात, छताला ती चकती बसवली. मग मला खाली उभं करून तो बराच वेळ काहीतरी समजावत होता. बटण कुठलं, बॅटरी कुठली, बॅटरी संपत आली की काय होतं, असं सगळं. मी "व्हय व्हय" म्हणत होतो. विजेचं मला कोण शिकवणार? माझंच पोरगं?

भरत विमानात बसला आणि इकडं माझ्या बायकोनं, सुशीलानं, चटणीसाठी मिरच्या भाजायला घेतल्या. झालं! त्या चकतीनं अशी किंकाळी फोडली की आक्का हातातल्या जपमाळेसकट रस्त्यावर जाऊन उभी राहिली. शेजारपाजारचे धावत आले. कुणी म्हणालं चोर, कुणी म्हणालं गॅस, एकानं तर रुग्णवाहिकेला वाट करून द्यायला आपली मोटारसायकल बाजूला घेतली. आता मला सांगा, आमच्याकडं स्वयंपाकघरात धूर झाला म्हणजे घरात काहीतरी चांगलं शिजतंय असा अर्थ. जर्मनीत उकडून खात असतील, त्यांना धुराचं अप्रूप. त्या आठवड्यात ती चकती फोडणीला ओरडली, पापडाला ओरडली, आणि आक्काच्या उदबत्तीलाही ओरडली. तेव्हा आक्का म्हणाली, "बाळगोंडा, ह्याला गप कर, न्हायतर मला कागलला भावाकडं सोडून ये."

काढून टाकावी तर भरत फोनवर चित्र बघून विचारणार. म्हणून मी जरा डोकं लढवलं. श्रीखंडाचा रिकामा प्लास्टिकचा डबा घेतला, चकतीवर पालथा घातला, चहूबाजूंनी टेप मारली आणि वरून छताला मारून उरलेला पांढरा रंग फासला. काम असं नामी झालं की खालून बघणाऱ्याला छताला एक आवाळू आल्यासारखं दिसायचं, बाकी काही नाही. पुढच्या फोनला भरतनं विचारलं, यंत्र कसं चाललंय? मी म्हणालो, झकास, अजिबात तक्रार नाही. माझी देखभाल म्हणजे अशी असते. काही दिवसांनी तिथं डब्याखाली काही आहे हे मीही विसरलो.

आणि मग पद्माचं स्थळ आलं. आलं म्हणजे तिनंच आणलं. पद्मा आमची धाकटी, बेळगावात बँकेत कामाला. तिच्याच बँकेत अभिनंदन नावाचा कोगनोळीचा मुलगा. एक दिवस जेवताना ती सरळ म्हणाली की मला हा मुलगा पसंत आहे, त्याच्या घरच्यांशी बोला. आमच्याच समाजातला, घरची ऊसशेती, वागायला सरळ, खायला-प्यायला नाव ठेवण्यासारखं काही नाही. नाव ठेवायला काही नाही म्हटल्यावर आक्काची केवढी पंचाईत झाली असेल बघा. पण घरातली मुलगी ताटावर बसून असं बोलते, ह्याचाच आम्हाला एवढा धक्का बसला की ती काय बोलली ते राहिलंच बाजूला. मी म्हणालो, बघू. सुशीला म्हणाली, बघू. आक्का म्हणाली, दही वाढ.

मुलाचे वडील आदगोंडा आप्पा म्हणजे कडक माणूस. त्यांनी निरोप धाडला की रविवारी येतो, मनाला आलं तर त्याच बैठकीत सुपारी फोडू. न्हाय तर सांगलीकडचं एक स्थळ थांबून राहिलंय, त्यांना तरी ताटकळत कशाला ठेवायचं. पद्मानं तो निरोप ऐकला आणि तिचं तोंड एवढंसं झालं. त्या दिवसापासून ती ताटातली भाकरी नुसती मोडून ठेवायला लागली.

निरोपाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहा घेत त्याचंच बोलत होतो. सुशीला म्हणाली, "पोरगं चांगलं हाय, मला वाटतंय."

"चुक."

आवाज कुठून आला कळेना. बारीक, कोरडा, दाबलेला. एकदाच आला आणि थांबला.

तुमच्या लक्षात आलं असेल. तुम्ही हुशार आहात. आमच्या घरी मात्र त्या एका 'चुक'चे ताबडतोब दोन अर्थ निघाले, आणि त्याला कारण आमच्या घरातून जाणारी सीमा. आक्का कागलकडची, मराठी. तिच्या माहेरी पाल चुकचुकली की बोलणं तिथंच मोडायचं, काम पुढं ढकलायचं. सुशीला चिकोडीकडची, माहेरी सगळं कन्नड. तिच्याकडं कुणी बोलत असताना पाल चुकचुकली तर बोललेलं खरं ठरतं. जमिनीवर बोटानं टकटक करायचं आणि पालीला दुजोरा द्यायचा. मधल्या पट्ट्यातला मी. निपाणीचा. माझ्या माहेरी, म्हणजे आमच्या घरी, पाल चुकचुकली तर वडील फक्त रेडिओचा आवाज वाढवायचे.

तर सुशीलानं चहाचा कप खाली ठेवला, फरशीवर बोटानं टकटक केलं आणि चेहरा उजळून म्हणाली, "ऐकलासा? हल्ली बोलली."

आता कन्नडमध्ये पालीला म्हणतात हल्ली. आणि आक्काला कन्नड येत नाही असं नाही. भांडायच्या वेळेपुरतं येत नाही. ती म्हणाली, "हल्ली बोलली? कोण, मी? मी जलमल्यापासनं बोलतोय. ह्या घरात हल्ली कोण बोलायला लागलंय ते समद्यास्नी ठावं हाय."

"तुमास्नी न्हवं वो आत्ती. पाल. पाल बोलली म्हंते मी."

"पाल बोलत न्हाय. पाल चुकचुकती. आणि ती चुकचुकली म्हंजे हे स्थळ मोडा."

त्या दिवसापासून घरात जे सुरू झालं त्याला मी काय नाव देऊ! तो आवाज थोड्या थोड्या वेळानं यायचा, पण नेमका कुणाच्या बोलण्यावर येईल त्याचा नेम नसायचा. दोघींनी त्याचा फायदा घ्यायला सुरुवात केली. सुशीला जाता येता म्हणायची की मुलाची आई स्वभावानं गरीब आहे म्हणे, आणि मग भांडं हातात धरून पालीची वाट बघत उभी राहायची. आक्का खाटेवरून म्हणायची की कोगनोळीचं पाणी जड, पोरीचे केस जातील, आणि तीही वर बघत थांबायची. एकदा सुशीला वैतागून म्हणाली, "ह्यांना कशातलं काय कळत न्हाय," आणि चुक. सुशीलानं टकटक केलं. आक्कानं नेहमीसारखं 'मोडा' म्हणायला हवं होतं, पण ती गप्प बसली. एवढ्या एका बाबतीत दोन्ही राज्यांचं एकमत झालं.

पण गंमत तिथंच संपत होती. आक्कानं मला जवळ बोलावलं आणि सांगितलं की पाल गप्प झाल्याबिगर ह्या घरात सुपारी फुटायची नाही. फुटली तर ती समोर बसणार नाही. आणि आक्का समोर बसली नाही तर आदगोंडा आप्पांसारखा माणूस पानाला हात लावणार नाही, उठून सांगलीची वाट धरेल. पद्मा दाराआडून ऐकत होती. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "आण्णा, माझं लग्न पालीच्या हातात हाय व्हय?" मी म्हणालो, काळजी करू नकोस, रविवारच्या आत मी तिला घराबाहेर काढतो.

काढायची म्हणजे कशी, हा प्रश्न होता. आम्ही जैन. पाल मारणं सोडाच, तिला खराटा दाखवणंसुद्धा आक्काच्या लेखी पाप. तिला सन्मानानं, तिच्या मर्जीनं बाहेर न्यायचं. शेजाऱ्यानं सल्ला दिला की अंड्याची टरफलं टांगा, पाली पळतात. आमच्या घरात अंड्याची टरफलं! ते ऐकूनच आक्कानं शेजाऱ्याच्या घरून आलेली वाटी परत केली. मग कुणीतरी मोरपिसांचं सांगितलं. मी मोरपिसांचा गठ्ठा आणला आणि प्रत्येक दिव्याला, पंख्याला, कॅलेंडरच्या खिळ्याला एकेक खोचलं. घर नटव्या देवळासारखं दिसायला लागलं आणि पाल 'चुक' म्हणाली.

शनिवारी दुकानातली दोन माणसं बोलावून मी कपाटं हलवली. सोफा उलटा केला, फोटो उतरवले, देव्हाऱ्यामागं टॉर्च मारून बघितलं. आक्काची खाट अंगणात नेली तर आक्का तिच्यावरून उतरेना, म्हणून तिच्यासकट नेली. सापडलं काय, तर पद्माचं शाळेतलं हरवलेलं पैंजण, माझा जुना चष्मा आणि झुरळं. पाल नाही. एवढ्यात डोक्यावरून आवाज आला. मी स्टुलावर चढलो, कान लावला, छताला हात फिरवला. ज्या डब्याखाली ती होती त्याच डब्यावर हात टेकून मी खाली उभ्या असलेल्यांना सांगितलं की इथं काही नाही, इथं छताला फक्त ओल आली आहे. आवाजावरून दुखणं ओळखणारा माणूस मी!

त्याच संध्याकाळी भरतचा फोन आला. लाइन खरखरत होती. फोन सुशीलानं उचलला आणि कानाशीच धरला. भरतला जर्मनीत राहून यंत्राची काळजी. त्यानं विचारलं, "आई, ते यंत्र हल्ली आवाज करतंय काय?"

तुम्ही बघा, प्रश्न केवढा सरळ होता. आमच्या सगळ्या गोंधळाचं उत्तर त्यात होतं. पण सुशीलाला 'यंत्र' ऐकू आलं नाही, 'हल्ली' तेवढं आलं.

"हल्ली व्हय?" ती म्हणाली, "लई आवाज करत्या रं. दिसभर. पर खरं बोललं की मगच करत्या."

भरतनं हळूच विचारलं की खरं बोललं की म्हणजे काय. सुशीलानं सांगितलं की मी पद्माच्या स्थळाचं चांगलं बोलले की ती लगेच होकार देते, पण आजीला ते पटत नाही. भरत म्हणाला, फोन आण्णांना दे. मी घेतला तर पोरगं दबक्या आवाजात विचारतंय, "आण्णा, आईची तब्येत बरी हाय न्हवं?" मी म्हणालो, बरी आहे, लग्नाच्या काळजीनं जरा जास्त बोलते. त्यानं यंत्राचं विचारलं. मी म्हणालो, झकास.

रविवार उजाडला. मंडळी दुपारी यायची होती, पण त्यांच्याच गावच्या नाक्यावर गाड्यांच्या रांगेत अडकली आणि पोचायला उन्हं कलली. आमच्याकडं सूर्य मावळला की अन्नाला हात लावायचा नाही. तेव्हा बोलणी, सुपारी आणि जेवण, सगळं मावळतीच्या आत उरकायचं. सुशीलानं पुऱ्यांसाठी तेल चढवलं आणि 'सोयरे काय म्हणतात' ते ऐकायला पदराला हात पुसत बाहेर येऊन बसली. पद्मानं चहा दिला आणि भिंतीशी उभी राहिली. आदगोंडा आप्पा, त्यांची बायको आणि अभिनंदन सोफ्यावर; आक्का खाटेवर, भिंतीकडं तोंड करून.

मी आधीच योजना आखली होती. पाल बोलली की आपण खोकायचं. पण ती कधी बोलेल हे आधी कळायचं कसं? म्हणून मी सलग खोकायचं ठरवलं. आदगोंडा आप्पा पाऊसपाण्याचं बोलत होते, मी खोकत होतो. ते उसाच्या तोडणीचं बोलत होते, मी खोकत होतो. मुलाच्या आईनं काळजीनं विचारलं की हे किती दिवसांपासून आहे. मी म्हणालो, पाहुणे आले की येतो. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. मुलीच्या बापाच्या छातीत काहीतरी आहे आणि ते लपवून ठेवलंय, असं त्या बघण्यात स्पष्ट दिसत होतं. पद्मानं पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला. मी घोटभर प्यायलो, आणि तेवढ्या शांततेत, आदगोंडा आप्पा "मग आता मुद्द्याचं बोलूया" म्हणताक्षणी, चुक.

आप्पांनी कप खाली ठेवला. "पाल हाय काय?"

"चुकचुकतीय," आक्का भिंतीकडं बघत म्हणाली. "आठवडा झाला."

"खरं बोलत्या ती," सुशीला घाईनं म्हणाली. "हल्ली खरं बोलत्या."

"हल्ली?" आप्पांनी भुवया उंचावल्या. "म्हंजे आधी खोटं बोलत हुती?"

कोगनोळीचा माणूस, कन्नड त्यांना चांगलं येतं. पण सोयरिकीच्या बैठकीत माणूस मराठीतच ऐकतो, त्याला काय करणार. सुशीला समजावायला गेली की हल्ली म्हणजे हल्ली नव्हे, हल्ली म्हणजे हल्ली. ह्यावर मुलाच्या आईनं हळूच पर्स उचलून मांडीवर घेतली. मी काहीतरी बोलून सावरावं म्हणून तोंड उघडलं आणि इतका वेळ खोटा आणलेला खोकला खरोखरच आला.

आणि मग कळलं की आप्पा ह्या विषयातले जाणकार आहेत. त्यांनी विचारलं, कुठल्या दिशेनं बोलते? दिशेवर फळ असतं. ते उठले, डोक्यावरची टोपी सारखी केली, मान वर करून कान देत देत खोलीभर फिरले आणि नेमके स्वयंपाकघराच्या दाराशी, त्या कोपऱ्यात येऊन थांबले. चुक. त्यांनी बोट वर केलं.

"आग्नेय," ते गंभीरपणे म्हणाले. "अग्नीची दिशा. ही पाल अग्नीचं कायतरी सांगतीय."

आक्का म्हणाली, अग्नी म्हणजे घात, बोलणी मोडा. सुशीला म्हणाली, अग्नी म्हणजे होम, लग्न लावा. आप्पा म्हणाले, थांबा, जरा विचार करू द्या, अग्नी दोन्हीकडं जातो. मला इकडं करपल्यासारखा वास येत होता. पण मी जन्मभर जळक्या मोटारींच्या वासात बसलेला माणूस. तो वास माझ्या अंगालाच येतो असं समजून मी नाक पुसलं.

आत तेल तापून, धुरावून, पेटलं होतं. दारातून बाहेर आलेली वाफ आणि धूर वर जाऊन डब्याला बसत होता. माझी टेप किती टिकणार? आप्पा वर बघत म्हणाले, "हितंच हाय, दिसंना तेवढी," आणि डबा सुटून थेट त्यांच्या टोपीवर आला.

"पडली! डोक्यावर पडली!" आक्का ओरडली.

पाल डोक्यावर पडणं म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्याला आप्पांचा चेहरा कसा झाला असेल ते सांगायला नको. अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ करायची, आणि तीही लगेच. ते बाथरूमकडं धावले. आणि वर उघडी पडलेली ती चकती, इतक्या महिन्यांचा डब्याखालचा राग काढावा तशी, किंचाळायला लागली. मुलाची आई दाराबाहेर गेली. सुशीलानं कानांवर हात ठेवले. आक्का खाटेवर उभी राहिली. खाटेवर उभी राहिलेली मी तिला कधी बघितली नव्हती. मी एका हातात तांब्या घेऊन कुठल्या दिशेला धावावं ह्याचा विचार करत होतो.

धावली ती पद्मा. तिनं आत जाऊन गॅस बंद केला, पेटलेल्या कढईवर पितळेची परात पालथी घातली, खिडकी उघडली, आणि बाहेर येऊन भरतला फोन लावून तो माझ्यापुढं धरला. मी स्टुलावर चढलो. पडद्यावर भरतनं आधी छत बघितलं, मग टेपेच्या लोंबत्या पट्ट्या, मग माझा चेहरा.

"आण्णा, त्याच्यावर काय बांधलं हुतं?"

"डबा."

"कसला?"

"श्रीखंडाचा," मी म्हणालो. खोटं बोलायची ती वेळ नव्हती.

त्यानं सांगितलं तसं मी ते यंत्र पिरगाळून काढलं, मागचं झाकण उघडलं आणि ठोकळा ओढून घेतला. एकदम सामसूम झाली. भरत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला की बॅटरी संपत आली की हे यंत्र थोड्या थोड्या वेळानं बारीक आवाज करतं, मी आण्णांना खाली उभं करून सांगितलं होतं. तेवढ्यात आप्पा न्हाऊन, माझी लुंगी नेसून, बाहेर आले. त्यांनी जमिनीवरचा डबा उचलला, उलटसुलट करून बघितला, आणि त्याच्यावर लिहिलेलं वाचलं. वेलचीचं होतं.

आता वाटलं सुटलो. पण कसलं सुटणं! आमच्याकडं गोंधळ मिटत नसतो, बाजू बदलतो.

"म्हंजे अपशकुन न्हवताच?" आक्का खाली बसत म्हणाली. "मग माझं काय म्हणणं न्हाय. फोडा सुपारी."

ह्यावर सुशीलानं हात जोडून आनंदानं उठायला हवं. ती रडवेली झाली. "आत्ती, पाल न्हवती म्हंजे खरं बी न्हवतं की. आठ दिस टकटक करून बोटं दुखली माझी. मग पोरगं चांगलं हाय म्हणून सांगितलं कुणी?"

"मी," पद्मा म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता. परात पालथी घालताना मनगटाला काजळी लागली होती.

"मी सांगितलं. पहिल्याच दिवशी, जेवताना. ह्या घरात पालीला इचारलंसा, मोरपिसांना इचारलंसा, दिशेला इचारलंसा. मला कुणी इचारलं न्हाय. मी ह्याला चांगला ओळखतो, आई. तो चांगला हाय. मला त्याच्याशीच लगीन करायचं हाय."

अभिनंदन सोफ्यावरून उठून उभा राहिला. ते मला आवडलं. आपली पोरगी आठवडाभर भाकरी मोडत बसली होती आणि आपण कपाटं हलवत होतो, ह्याची मला भयंकर लाज वाटली.

आदगोंडा आप्पांनी पद्माकडं नीट बघितलं. मग म्हणाले की पेटल्या कढईकडं धावणारी सून मिळत असेल तर मला पालीचं काही पुसायचं नाही. सांगलीला मी उद्या नकार कळवतो. बायकोला त्यांनी बाहेरून हाक मारून बोलावलं. पुऱ्या तर गेल्याच होत्या. सूर्य मावळायच्या आत सगळ्यांनी एकेक केळं खाऊन घेतलं. मग पानावर सुपारी ठेवून आप्पा माझ्याकडं वळले.

"आता रीत म्हणून इचारतो. पोरीच्या बापाचं मत काय?"

हा क्षण माझा होता. मी उभा राहिलो, सदरा नीट केला, घसा साफ केला आणि भारदस्त आवाजात म्हणालो, "मला पोरगं पसंत हाय."

कुणी हललं नाही. आक्का छताकडं बघत होती. सुशीला बोट फरशीजवळ नेऊन छताकडं बघत होती. आदगोंडा आप्पा, सगळं समजून चुकलेला शहाणा माणूस, माझी लुंगी सावरत छताकडंच बघत होते. यंत्र माझ्या उजव्या हातात, ठोकळा डाव्या हातात. पद्मा तेवढी माझ्याकडं बघत होती, डोळ्यांत पाणी आणून.

मग मी काय करणार? मी तोंडानंच 'चुक' केलं.

सुशीलानं टकटक केलं. पाठोपाठ, आयुष्यात पहिल्यांदाच, आक्कानंही खाटेच्या लाकडावर टकटक केलं, आणि आप्पांनी सुपारी फोडली. घरात माझ्या शब्दाला वजन आहे, हे मी आजही छाती पुढं काढून सांगतो. फक्त शब्द कुठला, ते विचारू नका.